थारला लिफ्ट किट: स्पेसर, स्प्रिंग-शॉकअप की नुसते मोठे टायर?

थार (महिंद्राची फोर-बाय-फोर) उंच करणाऱ्या लिफ्ट किटचे भाव विचारायला जाण्याआधी पावसाळ्यात एकदा नेहमीच्या कच्च्या वाटेवर जाऊन या. परत आल्यावर गाडी लगेच धुऊ नका. चिखल वाळू द्या, गोणपाट अंथरा, हातात बॅटरी घ्या आणि गाडीखाली उताणे झोपा. वाळलेला पोपडा कुठे घासून निघालाय आणि लोखंड कुठे चकाकतंय, ते नीट बघा. पुढच्या बंपरची खालची कड, मधलं पोट म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या आसपासचा भाग आणि साइड स्टेप, किंवा मागच्या एक्सलवरचा डिफरेन्शियलचा (आतल्या गिअरांचा) गोळा, या तीनपैकी एक जागा बोलतेच. कोणतं किट घ्यायचं, हे त्या ओरखड्यांवर ठरवावं.

असं सांगण्याचं कारण आहे. सस्पेन्शन लिफ्टने गाडीची बॉडी आणि चासी (खालचा लोखंडी सांगाडा) वर जाते, दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल जागच्या जागी राहतो. नाशिकला तयार होणाऱ्या 2020 नंतरच्या थारला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र डबल विशबोन (चाकाला धरणारे वरचा-खालचा असे दोन हात) आहे, पण मागे अखंड एक्सलच आहे. म्हणजे 50 मिमीची लिफ्ट बसवली, तरी मागचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहणार. तो उचलायचा तर टायरच मोठा हवा, आणि त्यातही व्यासात जेवढी वाढ होते त्याच्या निम्मीच उंची मिळते. हिशोब सोपा आहे. थारच्या 245/75 आर16 टायरचा व्यास सुमारे 774 मिमी. 265/75 आर16 चा सुमारे 804. फरक 30 मिमी, गोळ्याखाली मिळाले 15.

कोकणातल्या लाल मातीच्या वाटांवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात आणि मधे मातीचा वरंबा उभा राहतो. तिथे गोळा नांगरासारखा रुततो. अशा ठिकाणी हे 15 मिमी दोन इंची लिफ्टपेक्षा जास्त कामाचे. म्हणून तुमचा ओरखडा गोळ्यावर असेल तर पुढचं वाचण्याआधी टायरचा विचार करा. टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आतल्या प्लास्टिकला घासतो का ते पाहायचं. या मापाच्या टायरवर काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी 104 च्या आसपास धावत असेल. चाक जड झाल्यामुळे पिकअप आणि मायलेज दोन्ही थोडे उतरतात. वाळूसाठी मात्र यातलं काहीच लागत नाही. जैसलमेरकडच्या टेकाडांवर टायरची हवा 15-18 पीएसआयपर्यंत उतरवल्याने जो फरक पडतो, तो कोणत्याही किटने पडत नाही.

ओरखडे पोटावर किंवा पुढच्या कडेवर असतील तर लिफ्टला अर्थ आहे. गाडी न टेकता जेवढा तिरका चढ, माथा किंवा उतार पार करते तो तिचा कोन, जास्त तेवढा चांगला. थारचा पुढचा कोन मुळातच 41.8 अंश आहे, पोटाचा 27 आणि मागचा 36.8. आकडे पाहिले की कमकुवत जागा लगेच कळते: पोट. वेल्हे, मुळशीकडच्या खडकाळ चढांवर माथ्यावर गाडी टेकते ती इथेच.

आता खरी निवड येते, स्पेसर की स्प्रिंग-शॉकअपचं पूर्ण किट. किमतीत मोठी दरी आहे. स्पेसर काही हजारांत बसतो, बाहेरदेशी बनावटीचं पूर्ण किट सहज लाखावर जातं. त्यामुळे बहुतेकांचा हात आधी स्पेसरकडे जातो. माझाही गेला होता.

स्पेसर म्हणजे ॲल्युमिनियमची किंवा पॉलियुरेथेनची जाड चकती. थारच्या पुढच्या बाजूला ती शॉकअपच्या माथ्यावर, चासीच्या बुडाशी बसते. शॉकअप खालच्या विशबोनला मधेच कुठेतरी जोडलेला असल्यामुळे चकतीच्या जाडीपेक्षा चाकापाशी मिळणारी उंची जास्त असते. ऐकायला हा फायदा वाटतो. पण चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळतं तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्याही खाली जातं. मग चाकाला ताकद देणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा सांधा आणि वरच्या विशबोनचा बॉल जॉइंट अशा कोनात वळतात, ज्यासाठी ते केलेलेच नाहीत.

माझ्या गाडीला दुसऱ्या पावसाळ्यात हेच झालं. डाव्या पुढच्या चाकाच्या रिमला आतून काळ्या ग्रीसचं गोल वर्तुळ उमटलेलं दिसलं, वंगण चक्रीसारखं फेकलं गेल्यासारखं. हात घालून पाहिलं तर त्या सांध्यावरचा रबरी बूट घडीवर चिरला होता आणि आतल्या ग्रीसमध्ये मातीची कचकच बोटांना लागत होती. सांधा गेला. त्याआधीच अलाइनमेंटवाल्याने सांगितलं होतं, "साहेब, ॲडजस्टमेंट संपली, याच्या पुढे नाही येत." टायर आतल्या कडेने झिजत होते. तेव्हा ते मनावर घ्यायला हवं होतं. सांधा, दोन टायर आणि मजुरी धरली तर स्पेसरच्या स्वस्ताईतलं फारसं काही उरलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. स्पेसर घ्यायचाच असेल तर लहान घ्या, चाकापाशी 25-30 मिमीच्या आत. तोही बसलेलं नाक मागच्या पातळीला आणण्यापुरता. पोट उचलायचं तर स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच बदला.

पूर्ण किटमध्ये स्प्रिंग नवी असते आणि तिच्या मापाचा शॉकअपही असतो. चांगल्या किटचा शॉकअप चाक किती खाली जाऊ द्यायचं हे स्वतः अडवतो, त्यामुळे सांध्यांवर ताण कमी येतो. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग ही ऑस्ट्रेलियातली नावं या धंद्यात जुनी आहेत. त्यांची पुस्तिका उघडली की एकाच गाडीसाठी दोन-तीन प्रकारच्या स्प्रिंगा दिसतात: रिकाम्या गाडीसाठी, मध्यम वजनासाठी, कायम भरलेल्या गाडीसाठी. लोक नेमके इथे चुकतात. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) मिळून नाकावर 80-100 किलो सहज वाढतात, तेव्हा जड स्प्रिंग हवी. पण बंपर "पुढच्या वर्षी घेऊ" म्हणून आजच जड स्प्रिंग बसवली, तर रिकामी गाडी वर्षभर उड्या मारत राहते. मागे बसणारी पोरं वैतागतात आणि खडकावर चाकाची पकडही सुटते. आज गाडीवर कायमचं जेवढं वजन आहे, तेवढ्याचीच स्प्रिंग घ्या.

शॉकअपवर मात्र थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. स्पितीसारख्या पत्र्यासारख्या लहरी पडलेल्या रस्त्यावर तास-दीड तासात साध्या शॉकअपचं तेल तापतं, त्यात फेस होतो आणि गाडी तरंगायला लागते. जाड दट्ट्याचे मोनोट्यूब (एकाच नळीचे) किंवा फोम-सेल (तेलात फेस होऊ नये म्हणून आत फोम असलेले) शॉकअप तिथे टिकतात. बाहेर वेगळी टाकी असलेल्या महागड्या शॉकअपचं सह्याद्रीतल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढणीला काही काम नाही.

बॉडी लिफ्टबद्दलही विचारणा होते. तिने बॉडी चासीपासून उचलली जाते, पोट तिथेच राहतं. मोठ्या टायरला जागा सोडली तर तिचा काही उपयोग नाही आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून सगळं जुळवत बसावं लागतं. रोजच्या गाडीला नको.

मारुती सुझुकीच्या जिम्नीवाल्यांचा मामला वेगळा आहे. तिला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे, त्यामुळे ड्राइव्हशाफ्टच्या कोनाची धास्ती कमी. पण तिथे स्प्रिंगवर स्पेसर टाकून जुनाच शॉकअप ठेवला, तर जेवढी उंची वाढली तेवढी चाकाची खाली लोंबण्याची चाल कमी होते. उंच दिसणारी गाडी खड्ड्यात आधीपेक्षा लवकर चाक उचलते! शिवाय पुढचा एक्सल किंचित फिरून कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कल) कमी होतो आणि महामार्गावर स्टिअरिंग हलकं, भिरभिरतं लागतं. दोन इंचांच्या घरात गेलात तर कॅस्टरचे रबरी बुश आणि एक्सलला आडवं सरकू न देणारा, ॲडजस्ट होणारा पॅनहार्ड रॉड किटसोबतच घ्या. आणि रुंदी विसरू नका. थार 1820 मिमी रुंद आहे, जिम्नी 1645. तेवढीच उंची वाढवली तरी आडव्या उतारावर जिम्नीला त्याची किंमत जास्त मोजावी लागते. जुन्या, 2020 आधीच्या थारला पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आणि मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. तिथे बार चढवून नाक उचलायचा स्वस्त मार्ग सगळेच मिस्त्री सुचवतात, पण त्याने गाडी कडक होते आणि चाकाची चाल तेवढीच राहते.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठासून सांगितलं आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी आणि विम्याचा दावा दोन्ही अडू शकतात. खर्च करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. घरच्यांनाही विचारा. माझ्या आईचा गुडघा दुखतो, लिफ्टनंतर तिला चढायला पाट ठेवावा लागायचा.

इतकं सगळं करून मी थारला जे बसवलं ते चाकापाशी 40 मिमीचं स्प्रिंग-शॉकअप किट, मध्यम वजनाच्या स्प्रिंगांसकट. जोडीला 265/75 आर16. पोट आता माथ्यावर क्वचितच टेकतं, अलाइनमेंट हद्दीत बसते आणि पुणे-महाड ताम्हिणीतून उतरताना गाडी पूर्वीइतकीच ताब्यात वाटते. याहून उंच जायची गरज गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेत उतरणाऱ्या गाड्यांना असेल, रविवारच्या वाटांना नाही.

बसवायच्या दिवशी गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा. आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा, नंतर पुन्हा मोजा. ब्रेकचे होज चाक पूर्ण खाली सोडून बघा, ताणले जाता कामा नयेत. हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर येतील. आणि विशबोनच्या बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असताना पूर्ण आवळू देऊ नका. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून बसू द्या आणि मगच पाना फिरवा. हवेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो, आणि काही महिन्यांत रबर फाटतं.