ऱ्होडियम घ्यायचं, पण पूड की वडी?

नौपाड्यातल्या माझ्या भाच्याला ऱ्होडियम या मौल्यवान धातूत पैसे गुंतवायचेत. त्याने विचारलं, "मामा, ऱ्होडियमची पूड स्वस्त मिळतेय, वडी कशाला घेऊ?"

आधी शुद्धता. ९९.९ आणि ९९.९५ टक्के यांत एका औंसामागे (३१.१ ग्रॅम) जेमतेम १५ मिलिग्रॅमचा फरक पडतो. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

खरा फरक रूपाचा. पूड म्हणजे कारखान्यांचा माल. अखंड ऱ्होडियम अम्लराजालाही (सोनं विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणालाही) दाद देत नाही, त्यामुळे गाड्यांचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी रसायन बनवणाऱ्यांना बारीक पूडच सोयीची. पण बाटलीचं सील एकदा तुटलं की संपलं! करड्या पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. पुढचा गिऱ्हाईक प्रयोगशाळेचा दाखला मागणार, त्याचा खर्च तुझ्या माथी.

वडीवर वजन, शुद्धता, क्रमांक कोरलेला असतो. ती काट्यावर ठेवता येते, घनता तपासता येते. मात्र ऱ्होडियम वितळतं १९६४ अंशांना, वर ठिसूळ. म्हणून घडणावळ महाग. विकताना ती क्वचितच वसूल होते.

साठवण दोन्हीची सोपी, लॉकर पुरे.

भाव मात्र दोघांनाही सारखाच रडवतो: २०२१ मध्ये औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास, २०२३ मध्ये ५ हजारांच्या खाली. घरखर्चाचा पैसा इथे नको रे बाबा.

नवी मुंबईत महापे-रबाळ्याकडे धातू शुद्ध करणाऱ्यांशी रोजचा व्यवहार असेल, तर सीलबंद पूड. भाच्यासारख्या पगारदाराला एकच छोटी वडी, तीही परत घेण्याचा दर लेखी देणाऱ्याकडूनच.