स्टिअरिंगची लाईट लागलीय: डोंगल, सर्व्हिस सेंटर की नाक्यावरचा ऑटो इलेक्ट्रिशियन?

इपीएसची, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची, पिवळी लाईट लागली की खरा प्रश्न गाडी दाखवायची कुणाला हा असतो, कारण लाईट एकच आणि मागे कारण बॅटरीपासून स्टिअरिंगवरचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरपर्यंत काहीही निघू शकतं. माझं तिन्ही करून झालंय म्हणून लिहितोय. गाडी वॉरंटीत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटरला जा, बाहेरच्याने वायरिंगला हात लावला म्हणून उद्या क्लेमला कटकट नको.

डोंगलचं, म्हणजे गाडीला लावून मोबाईलवर फॉल्टचे कोड दाखवणाऱ्या छोट्या यंत्राचं, आधी उरकतो. स्वस्तातला ब्लूटूथवाला इंजिनच्या चेक लाईटला झकास चालतो, तिथले कोड पी ने सुरू होतात. स्टिअरिंगचे कोड बहुतेक सी ने सुरू होणारे, म्हणजे चॅसिसचे, आणि साधी अॅप्स स्टिअरिंगच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे त्याच्या कंट्रोल युनिटपर्यंत, सहसा पोचतच नाहीत. मोबाईलवर 'फॉल्ट नाही' आणि डॅशवर लाईट तशीच! व्होल्टेज बघायला मात्र बरा पडतो.

सर्व्हिस सेंटरकडे कंपनीचा स्कॅनर असतो, स्टिअरिंगखालचा दांडा, म्हणजे कॉलम, बदलला तर नंतरचं कॅलिब्रेशनही तिथेच नीट होतं, यात वाद नाही. पण माझी लाईट लागायची सकाळी पार्किंगमधून रिव्हर्स काढताना, आणि बंद करून परत सेल्फ मारला की गायब. अपॉइंटमेंट घेऊन, अर्धा दिवस मोडून जायचं आणि अॅडव्हायजर म्हणणार, "सर, आत्ता तर काही दाखवत नाहीये, लागली की घेऊन या." अहो, लागली की आणायची कशी, तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला! बऱ्याच गाड्यांत जुना कोड मेमरीत राहतो, तो वाचा म्हणून मागे लागलो तेव्हा वाचला, आणि लगेच अख्ख्या कॉलम असेंब्लीचं इस्टिमेट हातात. सेन्सर आणि मोटर बऱ्याचदा कॉलमसकटच येतात, त्यामुळे त्यांना अगदीच खोटं म्हणवत नाही, पण त्याआधी कुणी बॉनेट उघडून तरी बघायचं ना? माझं मन तिथेच उडालं.

नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनचा फायदा एवढाच की तो नाक्यावर आहे. लाईट लागली, इंजिन बंद न करता तशीच गाडी त्याच्यासमोर उभी केली. त्याने स्कॅनर लावला, कोड लो व्होल्टेजचा. मग मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा बॉडीच्या पत्र्याला, आणि मला म्हणाला स्टिअरिंग जागेवरच फिरवा. खरं तर तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, माझ्याकडे फिरवताना आकडा एक व्होल्टच्या वर. जागेवर चाक वळवताना ही मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि अर्थिंगच्या केबलचा बोल्ट गंजलेला, म्हणून रिव्हर्सलाच लाईट. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, पैसे किरकोळ. तेव्हापासून तरी लाईट दिसलेली नाही, आता हा माझ्या गाडीचा अनुभव, तुमच्यात खरंच सेन्सर गेलेला असू शकतो.

लाईट लाल असेल किंवा स्टिअरिंग एकदम जड झालं असेल तर मात्र नाक्यापर्यंतही रेटू नका, टोइंग बोलवा.

इलेक्ट्रिशियन निवडताना फोनवरच विचारा की तुमच्या मॉडेलचं इपीएस मॉड्यूल त्याच्या स्कॅनरवर उघडतं का. नुसता कोड डिलीट करून "झालं साहेब" म्हणणारा भेटला तर पैसे द्यायच्या आधी एसी, हेडलाईट लावून जागेवरच स्टिअरिंग दोन्हीकडे फुल फिरवून बघा, फक्त टोकाला नेऊन धरून ठेवू नका, मोटर तापली की चांगल्या गाडीतसुद्धा स्टिअरिंग जड होतं.