बाकी सगळं ठीक, हायड्रोजन तेवढे कमी: मॉलिक्युलर मॉडेल किटचं परीक्षण

गोळे (अणू) आणि दांड्या (बंध) जोडून रेणूंच्या प्रतिकृती बनवायच्या, चारशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या या किटमध्ये कार्बनचे 12 काळे गोळे, हायड्रोजनचे 20 पांढरे, ऑक्सिजनचे 6 लाल, नायट्रोजनचे 2 निळे आहेत. शिवाय 40 आखूड कडक दांड्या आणि दुहेरी-तिहेरी बंधांसाठी 12 लांब लवचीक दांड्या. कार्बनची भोकं 109.5 अंशांच्या कोनात नेमकी पाडली आहेत. मिथेन जोडून टेबलावर ठेवला की तीन हायड्रोजनांवर तिवईसारखा उभा राहतो.

क्रियात्मक गट (संयुगाचे गुणधर्म ठरवणारे अणूंचे गट) शिकवायला किट झकास. 2 काळे, 6 पांढरे, 1 लाल आणि 8 दांड्या घेऊन इथेनॉल जोडा. मग ऑक्सिजनवरचा हायड्रोजन आणि पलीकडचा मिथिल गट यांची अदलाबदल करा. डायमिथिल ईथर तयार! गोळे तेच, दांड्या त्याच. पण इथेनॉल 78 अंश सेल्सिअसला उकळतं आणि ईथर उणे 24 ला. फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी हे इतकं चटकन पोचत नाही. (इथेनॉलमधल्या ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजन गटामुळे रेणू एकमेकांना का धरून ठेवतात, ते मात्र तोंडीच सांगावं लागतं.)

समजातीय श्रेणीला (दर पायरीला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढत जाणाऱ्या संयुगांच्या मालिकेला) किट दगा देतं. मिथेन ते ब्युटेन असे चारही रेणू शेजारी मांडायचे तर 10 कार्बन, 34 दांड्या आणि 28 हायड्रोजन लागतात. कार्बन आहेत, दांड्याही पुरतात, हायड्रोजन मात्र 8 कमी. ऑर्डर देण्याआधी पांढरे गोळे मोजा, एकूण नगांच्या आकड्याला भुलू नका. एकच किट असेल तर एकच रेणू वाढवत न्या: टोकाच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन काढा, तिथे दोन हायड्रोजनवाला कार्बन बसवा, काढलेला हायड्रोजन त्याला लावा. दर खेपेला 1 काळा, 2 पांढरे, 3 दांड्या वाढतात. रेणुवस्तुमान 14 ने वाढतं ते असं हातानेच कळतं. प्रोपेनच्या मधल्या कार्बनला जोडलंत तर आयसोब्युटेन होईल. तो ब्युटेनचा समघटक (अणू तेच, जोडणी वेगळी), श्रेणीतली पुढची पायरी नव्हे.

खरी खोट नायट्रोजनमध्ये. त्याला चार भोकं आहेत. 'एकही भोक रिकामं राहता कामा नये' हा संयुजा (अणू किती बंध करतो ते) तपासायचा सोपा नियम. तो पाळून मुलं अमाइनवर (नायट्रोजनच्या संयुगावर, जिथे नायट्रोजनचे बंध तीनच असतात) एक हायड्रोजन जास्तीचा चढवतात. चौथं भोक एम-सीलने बुजवून टाका. अल्डिहाइडमध्ये (यात टोकाच्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो) उलट घोळ होतो: ऑक्सिजन एकाच कडक दांडीने जोडला जातो आणि दोन भोकं उघडी राहतात. तिथे दोन लवचीक दांड्याच हव्यात.

दांडी काढताना वाकवू नका, फिरवत ओढा. भोक सैल झालं तर दांडीच्या टोकाला सेलोटेपचा एक वेढा पुरतो. दोन दिले तर ती आतच अडकते.