विंडटोन हॉर्नची जोडी: आवाज झकास, काळी वायर भिकार

डेसिबल किती, ब्रॅकेट कसा, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते पुन्हा लिहीत नाही. गाडीला लावायचे हे शंखाच्या आकाराचे हॉर्न चांगले आहेत. सोबत येणारा हार्नेस (वायर, रिले आणि फ्यूजचा जुडगा) बरा म्हणावा इतपत आहे आणि त्यातली काळी वायर विकायच्या लायकीची नाही. मधे पावसाळा आला नसता तर मी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

पाऊस सुरू झाला तसा आवाज बसत गेला. आधी घोगरा, मग अधूनमधून, आणि शेवटी बटण दाबलं की बॉनेटखालून नुसती कर्रर्र. ती रिलेची (बटणाच्या छोट्या सिग्नलवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचची) थरथर होती, हॉर्न गप्पच. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. बाहेरचं वायरिंग दिसताच अ‍ॅडव्हायझरचा चेहरा उतरला आणि एस्टिमेट चढलं: दोन्ही हॉर्न बदला, शिवाय स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (चाक फिरलं तरी बटणांची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी) बदला.

मी विचारलं, क्लॉक स्प्रिंग गेली असेल तर रिले वाजतोय कसा? बटणाचा सिग्नल तिच्यातूनच खाली येतो. तो आला नाही तर रिले टक् सुद्धा करणार नाही. एअरबॅगची जोडणीही तिच्यातूनच जाते, म्हणून ती तुटली की बहुतेक वेळा एअरबॅगचा दिवा लागतो, स्टिअरिंगवरची बटणं मरतात. माझा दिवा बंद, बटणं ठणठणीत. उत्तर मिळालं, ‘सर, आम्ही असेम्ब्लीच बदलतो.’ गाडी घेऊन घरी आलो. (खरंच क्लॉक स्प्रिंगचा संशय असेल तर घरी स्टिअरिंग उघडू नका. एअरबॅग तिथेच बसलेली असते. बॅटरीची निगेटिव्ह काढल्यावरही काही मिनिटं तिच्या सर्किटमध्ये चार्ज राहतो.)

घरी पहिलं काम केलं ते म्हणजे दोन्ही हॉर्नना बॅटरीवरून थेट वायर लावली, मधे फ्यूज ठेवून. दोन्ही असे दणाणले की शेजारी गॅलरीत आले. म्हणजे अर्धं एस्टिमेट तिथेच संपलं.

मग मल्टिमीटर. इथे बहुतेक जण फसतात. हॉर्नची पिन काढून मोजलं की पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. सर्व्हिसवाल्यानेही तेच मोजून ‘सप्लाय येतोय, म्हणजे हॉर्न गेले’ असं ठरवलं होतं. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ दाखवेल. या जोडीला लागतात आठ-दहा अँपिअर. वाटेत अर्ध्या ओहमचा अडथळा असला तरी तीन-चार व्होल्ट तिथेच जिरतात. म्हणून पिन लावलेलीच ठेवायची, मीटरचं एक टोक हॉर्नच्या निगेटिव्ह पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगायचं. आकडा शून्याच्या आसपास हवा. माझ्याकडे सातच्या वर गेला. बिघाड अर्थिंगमध्ये, म्हणजे हॉर्नमधून गाडीच्या बॉडीवाटे बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीत होता, दुसरीकडे कुठेच नाही.

आता ती काळी वायर. बॅटरीकडून येणारी लाल वायर जाडजूड, वर नळीचं आवरण, फ्यूजला झाकण. परतीची काळी तिच्या निम्म्याने बारीक! जेवढा करंट लालमधून जातो तेवढाच काळीतून परत यायचा असतो, हे बनवणाऱ्याला माहीत नसेल असं कसं मानायचं? लाल वायर फोटोत दिसते, काळी दिसत नाही, एवढाच हिशोब. तिच्या टोकाचं थिंबल (बोल्टखाली अडकवायची धातूची कडी) नुसतं चिमटलेलं, तांबं उघडं, त्यावर हिरवा कळंक. आणि माहितीपत्रक सांगतं की थिंबल ब्रॅकेटच्या बोल्टखाली आवळा. ब्रॅकेट रंगवलेला आहे, रंगातून वीज जात नाही. रिलेला ओढणाऱ्या कॉइलची अर्थिंगही त्याच थिंबलवर, म्हणून ती कर्रर्र: रिले ओढला की हॉर्नचा भार येतो, अर्थिंगचा व्होल्टेज वर चढतो, कॉइलला पुरेसं मिळत नाही, रिले सुटतो, पुन्हा ओढतो.

लालइतकीच जाड काळी वायर घेतली, थिंबलला सोल्डर मारून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली, बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळला, वरून ग्रीस. खर्च सांगायला लाज वाटावी इतका कमी.

आणि इथे माझं मत बदललं. वायर बदलल्यावर आवाज नव्यापेक्षा मोठा आला. साधारण ४०० आणि ५०० हर्ट्झच्या आसपासचे दोन स्वर आता वेगळे ऐकू येतात. आधी खालचा दबून असायचा. म्हणजे सुरुवातीला ज्या आवाजावर मी खूश होतो तो या हॉर्नचा पूर्ण आवाज नव्हताच. हॉर्नला अर्धा तारा वाढवला, हार्नेसचा एक कापला.

आवाज बसला म्हणून हॉर्नच्या पाठचा स्क्रू मात्र फिरवत बसू नका. कमी व्होल्टेजवर तो जुळवला आणि नंतर अर्थिंग सुधारली की आतले कॉन्टॅक्ट चुकीच्या जागी चालतात आणि जळतात. शंखाचं तोंड खाली आहे ना, तेही पाहा, नाहीतर आत पाणी साचतं.

विक्रेत्याने दाद दिली नाही. वॉरंटीत ‘पाण्यामुळे झालेला बिघाड’ वगळलाय. ग्रिलमागे बसणाऱ्या वस्तूला!

हॉर्न नुसते मिळत असतील तर नुसतेच घ्या. गाडीला मूळचेच दोन हॉर्न आणि रिले असेल तर हार्नेस लागतही नाही. नव्या जोडीचा करंट मूळ फ्यूजमध्ये बसतो का तेवढं तपासा. बसत नसेल तर मोठा फ्यूज घालू नका, वायर त्या हिशोबाची नसते. तेव्हा मात्र वेगळा रिले हवाच, आणि त्याची काळी वायर स्वतः निवडा.