‘सीएनसी-रेडी’ लेथ घेताना माझी झालेली फसवणूक

बडोद्यात कुणी छोटा लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) घेऊन त्याचा घरच्या घरी सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारा) करायच्या विचारात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मकरपुऱ्याच्या बाजूच्या एका विक्रेत्याने ‘सीएनसी-रेडी’ म्हणून मला जो लेथ ८०,००० रुपयांना विकला, त्याबद्दल सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोटी निघाली.

“मशीन एकदम नवुं छे,” तो म्हणाला. सॅडल (टूल घेऊन बेडवर, म्हणजे लेथच्या लांब पायावर, सरकणारा भाग) चकजवळ, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या टोकाजवळ, होतं. तिथल्या तिथे पुढेमागे करून दाखवलं, जराही ढिलं नाही. टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, न्या म्हटलं, तर म्हणे तेल सुकलंय, चालवल्यावर मोकळं होईल. वापरलेल्या लेथचा बेड चकजवळ जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. याने गिब (सॅडलचा ढिलेपणा काढायची पट्टी) त्या झिजलेल्या जागेच्या मापाने आवळून ठेवली होती. म्हणून तिथे सॅडल नीट, आणि न झिजलेल्या टोकाकडे जाम.

हाताने काम करणाऱ्या टर्नरला हे चाकावर जाणवतं आणि तो सांभाळून घेतो. ठरावीक पावलांनी फिरणारी स्टेपर मोटार मात्र सॅडल अडकलं की पावलं चुकवते, आणि ओपन-लूप (जागा परत न कळवणारी) असेल तर कंट्रोलरला त्याचा पत्ताच लागत नाही. “झीज असली तरी सॉफ्टवेअर काढून टाकतं,” असं मला ठामपणे सांगितलं गेलं. यावर कुणीही विश्वास ठेवू नका. दिशा बदलताना स्क्रूमधला प्ले (ढिलेपणा) सॉफ्टवेअर काही अंशी भरून काढतं. बेडच्या झिजेवर त्याचा काही इलाज नाही.

मोटारी क्लोज्ड-लूप (जागा परत कळवणाऱ्या) म्हणून दिल्या. तारा फक्त ४, एन्कोडरची, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची, केबल नाहीच. लांबीच्या दिशेचा बॉलस्क्रू (गोळ्यांवर चालणारा, जवळजवळ प्ले नसलेला स्क्रू) उघडा ठेवून दाखवला. क्रॉस-स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) झाकणाखाली मात्र जुनाच, प्ले असलेला स्क्रू. तिथेच तर चूक दुप्पट होते: टूल ०.०५ मिमी सरकलं की व्यास ०.१ मिमीने बदलतो. बेअरिंग बसवायचा शाफ्ट अशाने वाया जातो. आटेही पाडता येतील, असं सांगितलं होतं. त्यासाठी टूलची चाल स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) फिरण्याशी जुळावी लागते; लिनक्ससीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये जी३३ आणि जी७६ या आज्ञा आहेत, पण स्पिंडलवर एन्कोडर हवा. इथे स्पिंडलवर एकही सेन्सर नव्हता, आणि कंट्रोलर साध्या जीआरबीएल सॉफ्टवेअरचा, ज्यात या आज्ञाच नाहीत.

शेजारचे काका आयुष्यभर टर्नर होते. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) घेऊन आले नि म्हणाले, “चक उतरव आधी. काटा स्पिंडलच्या टेपरच्या, म्हणजे निमुळत्या भोकाच्या, आत लाव, नाहीतर चकाचीच चूक मोजत बसशील.” मग गिब सैल करून सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला सहज सरकेल इतपत बसवली, आणि चकजवळ आणून, काटा सॅडलला लावून, हाताने हलवून पाहिलं. काटा थरथरायला लागला. ही तपासणी विक्रेत्याच्या समोर, पैसे देण्याआधी करा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

बिल ‘नंतर देतो’ म्हणून टाळलं गेलं आणि आता फोनही उचलत नाही. पण वस्तू स्वतःच्या वापरासाठी घेतली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझ्याजवळ यूपीआयची नोंद आहे, आणि ‘दोन्हीकडे बॉलस्क्रू, मोटारी क्लोज्ड-लूप’ असा त्याचाच व्हॉट्सॲप मेसेज. तक्रार त्याच दोन कागदांवर केली आहे.