रत्नागिरीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान: डार्विनच्या कप्प्यासाठी तरी जाच

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे, बाहेरून साधंच वाटतं, पण आत डाव्या भिंतीला दुकानदार काकांनी उत्क्रांतीवरची पुस्तकं एकत्र लावलीत आणि ती नुसती जीवशास्त्राची नाहीत, १८५९ मध्ये डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आल्यानंतर राजकारणात आणि धर्मात काय उलथापालथ झाली त्याची आहेत. ‘जो सक्षम तोच टिकेल’ हे आधी इंग्रज विचारवंत स्पेन्सर म्हणाला, डार्विन नाही, आणि त्याच हवेत गॅल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचं सुप्रजनन, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्याच माणसांची संतती वाढवायची कल्पना, आलं, अमेरिकेत तर सक्तीच्या नसबंदीला १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच मान्यता दिली, हे वाचून मला खरंच राग आला. बरं झालं शेजारीच रशियन विचारवंत क्रोपोटकिनचं पुस्तक होतं, तो म्हणतो प्राणी एकमेकांना मदत करूनही टिकतात. आपल्या आगरकरांवरही स्पेन्सरचा प्रभाव होता, त्यावरचं पुस्तकही मिळालं. धर्माचं थोडं कमी आहे, उत्क्रांती शिकवली म्हणून अमेरिकेत टेनेसीतल्या शिक्षकावर १९२५ मध्ये चाललेल्या खटल्यावरचं पुस्तक आहे, पण १९५० मध्ये पोपने शरीराच्या उत्क्रांतीवर चर्चेला मुभा दिली त्यावर काहीच नाही.

किमती वाजवी, यूपीआय चालतं, काका उभ्याने कितीही वाचू देतात. पावसाळ्यात मात्र पानांना बुरशी येते, त्यामुळे दिवाळीनंतर जा.