केशराची खोली आणि बायबॅकचा करार

घरातल्या दहा बाय पंधराच्या खोलीत वर्षाला एक किलो केशर पिकवा, सगळा माल कंपनीच परत घेणार, शिवाय शेतीचं उत्पन्न म्हणून करही नाही, अशा जाहिराती सध्या मोबाइलवर सतत दिसतात. ह्यांच्या व्हीआरएसच्या पैशातले साडेनऊ लाख आम्ही अशाच एका कंपनीला दिले. साताऱ्यात वरच्या मजल्यावर खोली उभी राहिली. आज त्या कंपनीच्या कार्यालयाला कुलूप आहे आणि तिथल्या माणसांचे फोन लागत नाहीत. असा करार ज्यांच्यापुढे सहीसाठी आला असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

तंत्र खोटं नाही, हे आधी सांगते. केशराचा कंद फुलायला माती लागत नाही. स्वतःत साठवलेल्या अन्नावर तो फुलतो, फक्त हवेत गारवा आणि ओलावा हवा. ऑक्टोबरच्या सुमाराला खोलीचं तापमान १५ ते १७ अंशांवर आणलं की ट्रेमधल्या कंदांना जांभळी फुलं येतात. आमच्याकडेही आली. प्रत्येक फुलातल्या तीन लाल काड्या खुडून वाळवायच्या, झालं केशर. लुबाडणूक होती ती हिशेबात.

एक ग्रॅम सुक्या केशराला साधारण १५० फुलं लागतात, म्हणजे किलोला दीड लाख. आठ-दहा ग्रॅमचा चांगला कंद एक ते तीन फुलं देतो. सरासरी दोन धरली तरी किलोभर केशरासाठी ७५,००० कंद हवेत, वजनात सहाशे ते साडेसातशे किलो. आम्हाला दिले १०० किलो. ते सगळे अव्वल निघाले असते तरी दीडशे ग्रॅमच्या आसपासच केशर झालं असतं.

आणि ते अव्वल नव्हतेच. पोती उघडल्यावर मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक कंद ठेवून पाहत बसले. चार ग्रॅम, पाच ग्रॅम, पुन्हा चार, मध्येच एखादा नऊचा. एवढे बारके कंद बहुतेक फुलत नाहीत, नुसती पाती काढतात. कंपनीच्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "काकू, गारव्यात कंद भरतात, तुम्ही काळजी करू नका." ट्रेमधल्या कंदाचं वजन भरत नाही, उलट घटत जातं. फुलं झाल्यावर तो मातीत लावावा लागतो, वसंतापर्यंत पाती वाढावी लागते, तेव्हा कुठे खाली नवे कंद धरतात. "कंद दरवर्षी दुप्पट" असं छापणाऱ्या माहितीपत्रकात मातीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

हातात चाळीसेक ग्रॅम केशर आलं. वीजबिल तर भरतच होतो, कारण आपल्याकडच्या हवेत खोली एवढी गार ठेवायची तर यंत्र अखंड चालवावं लागतं. (बंदिस्त शेतीत विजेचा खर्च मोठमोठ्यांना झेपलेला नाही. अमेरिकेत बंद इमारतीत भाजी पिकवणाऱ्या एरोफार्म्स कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तशीच बाउरी ही कंपनी २०२४ मध्ये बंद पडली.) केशर घ्या म्हटल्यावर कंपनीने कराराच्या पाचव्या पानावर बोट ठेवलं: किमान ५०० ग्रॅमचा लॉट, आयएसओ ३६३२ या केशराच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीचा, आणि प्रयोगशाळेचा अहवाल उत्पादकाच्या खर्चाने. १०० किलो कंदांत ५०० ग्रॅम निघूच शकत नाही, हे कंद विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. खरेदी करायची वेळच येऊ नये, अशा बेताने तो करार लिहिला होता. याचा मला आजही संताप येतो.

जुनीच चाल आहे ही. तामिळनाडूत पेरुंदुराईला इमू पक्ष्यांच्या नावाने झाली, २०१२ मध्ये फुटली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातून कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं. पक्षी घ्या, खाद्य घ्या, माल आम्ही उचलू. पैसा पिकातून येत नव्हता, नव्याने पैसे भरणाऱ्यांकडून येत होता.

शेतीत नवं तंत्र यायलाच हवं. ठिबक आलं म्हणून कोरडवाहू रानात फळबागा उभ्या राहिल्या. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही द्राक्ष बागायतदारांची संस्था झाली आणि आपली द्राक्षं युरोपात गेली. तिथे पैसा द्राक्ष खाणाऱ्याने दिला. म्हणून केशराच्या कंपनीला एकच विचारा: तुमचं स्वतःचं केशर कुणाला विकलं, त्याची जीएसटीची बिलं दाखवा. आम्ही मागितली तेव्हा काश्मीरमधल्या पाम्पोरच्या केशराच्या शेतांचा व्हिडिओ दाखवला. बिलं शेवटपर्यंत आली नाहीत.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांच्यासाठी. कंपनीने दिलेला अनामत रकमेचा चेक न वटता परत आला असेल तर बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, शक्यतो वकिलामार्फत. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. या मुदती चुकवू नका, "पुढच्या आठवड्यात आरटीजीएस करतो" हे त्यासाठीच सांगितलं जातं. पोलिसांत जाताना एकेकट्याने जाऊ नका. त्याच कंपनीत पैसे भरलेले आणखी लोक शोधा आणि एकत्र आर्थिक गुन्हे शाखेत जा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, आपलं प्रकरण बसतं का, हे तिथे स्पष्ट विचारा, कारण त्यात कंपनीची मालमत्ता जप्त करता येते. करार, पावत्या, माहितीपत्रक, व्हॉट्सअॅपवरची बोलणी, सगळं जपून ठेवा. आणि कंद फेकू नका. वजनकाट्यावर ठेवून त्यांचे फोटो काढा, आमच्या तक्रारीला तेही जोडले आहेत.